दुसरा कर्ण

१

बटाटे काढून झाले की त्या आठवड्यातल्या शनिवारी मी बैठकीची खोली मोजायचो. ही सवय वडिलांची. आमचं लाकडी घर मुळात खाली नदीकाठी उभं होतं. वडिलांनी त्याचा ओंडका न् ओंडका सोडवला, प्रत्येकावर खूण केली आणि वर उतारावर आणून ते पुन्हा रचलं. आमच्या खोऱ्यात लोक घरंसुद्धा अशी हलवतात, बिऱ्हाड हलवावं तशी. फक्त उताराखाली चिकणमाती आहे. चिकणमातीवरच्या घरावर आणि सारख्या हसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, असं वडील म्हणायचे.

खोलीच्या चारही भिंती सारख्या लांबीच्या आहेत. अशा खोलीच्या भिंती मोजून काही कळत नाही. घर कललं तरी भिंती तेवढ्याच राहतात, फक्त चौरसाचा समभुज चौकोन होतो. कललेलं घर उघडं पडतं ते कर्ण मोजल्यावर, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यासाठी आम्ही सुतार जोडकाठी वापरतो. एकीवर एक सरकणाऱ्या दोन लांब पट्ट्या, टोकं निमुळती. मध्ये उभं राहून त्या मांडीच्या उंचीवर धरायच्या आणि उघडत न्यायच्या. दोन्ही टोकं कोपऱ्यांतल्या लाकडाला टक्‌ करून भिडली की थांबायचं. घर रचलं त्या वर्षी वडिलांनी त्या जागी चाकूने खाच पाडून ठेवली होती. पट्टी खाचेवर आली म्हणजे घर गुण्यात, चारही कोपरे काटकोनात.

कर्ण दोन असतात, पण मी एकच मोजायचो. वडीलही एकच मोजायचे, खोऱ्यातले सगळेच सुतार एकच मोजतात. बाजू सारख्या असल्या की एक कर्ण कमी झाल्याबरोबर दुसरा वाढलाच पाहिजे, मग तो मोजायचा कशाला? शितावरून भाताची परीक्षा. शिवाय दुसऱ्या कर्णाच्या टोकाशी एक रंगवलेलं जुनं कपाट होतं आणि ते हलवायला दोन माणसं लागायची.

त्या शनिवारी पट्टी खाचेच्या अलीकडेच थांबली. चार बोटं अलीकडे. मी पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. घर बसतंय, असं मनाशी म्हणत मी काठी मिटवली. काहीतरी चुकलंय असं वाटत राहिलं, पण ते चार बोटांमुळे नव्हतं. कॉफी ओतून घेताना लक्षात आलं. पलीकडच्या टोकाला टक्‌ असा आवाजच झाला नव्हता.

२

ज्या कोपऱ्याशी आवाज झाला नाही, तिथे सिवचा पलंग होता.

सिव आमची धाकटी. मार्चमध्ये तिला ताप आला आणि बर्फ साफ करून गाडी रस्त्याला लागेपर्यंत उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. उशीर झाला नसता तरी फरक पडला नसता, असंही तेच म्हणाले. सहा वर्षांची होती. पलंग मी सोडवून गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवला, कारण तो दिसला की माझे पाय जागच्या जागी थांबत. तेव्हापासून तो कोपरा रिकामा होता.

त्याच्या बरोबर समोर, कर्णाच्या या टोकाला, माझ्या बायकोची खुर्ची. ओसहिल्ड गावातल्या शाळेत गणित शिकवायची. मार्चपासून रजेवर होती. सकाळी उठून ती त्या खुर्चीत बसायची आणि रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून बसून राहायची. जेवण समोर ठेवलं तर दोन घास खायची. बोललं तर उत्तर द्यायची, पण पोस्टातला माणूस देतो तसं.

उरलेले दोन कोपरे म्हणजे एकीकडे ते कपाट आणि त्याच्या समोर हेगेचा पलंग. हेगे आमची थोरली, तेव्हा दहा वर्षांची. एकदा ती गोठ्यात माझ्या मागे मागे आली आणि म्हणाली, "बाबा, आई माझ्याकडे बघते ना, तेव्हा माझ्या पलीकडे कोण असतं?"

"कोणी नसतं गं."

"मग ती मला का नाही बघत?"

मी तिला घोड्याला पाणी पाजायला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

ओसहिल्डची बहीण टोरुन हामार शहरात असते. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तेच म्हणायची. "हालवार, पोरगी माझ्याकडे पाठव. तिथे तिला कोणी विचारत नाहीये. आणि माझ्या बहिणीला डॉक्टरकडे ने, नाहीतर मी येऊन नेईन. तू काय, भिंतींना रंधा मारत बसशील."

टोरुनच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो, कारण ती बहुतेक वेळा बरोबर असते. दोघी हामारला गेल्या की घरात मी आणि घोडा उरणार, हे मला कळत होतं. म्हणूनच त्या चार बोटांचं मला थोडं बरंही वाटलं. बायकोला काय झालंय ते मला दुरुस्त करता येत नव्हतं. कललेलं घर येतं. घर गुण्यात आलं की माणसंही येतील, असं मी स्वतःला पटवलं. हसू नका, माणूस बुडताना काडीचा आधार घेतो, माझ्या हातात निदान काठी होती.

३

पुढच्या शनिवारी सहा बोटं. मी स्टाइनारला बोलावलं. आम्ही दोघं बरोबर सुतारकाम शिकलो.

"मोजताना प्यायला होतास का रे?" तो दारातच म्हणाला.

"शनिवारी सकाळी?"

"म्हणजे शुक्रवारची उतरली नव्हती."

त्याने आपली जोडकाठी आणली होती. तीही सहा बोटं अलीकडे थांबली. मग त्याने भिंतींना ओळंबा लावला. भिंती सरळ. ओसहिल्डच्या खुर्चीमागच्या कोपऱ्याला गुण्या लावला. काटकोन असा की गुण्या आणि लाकूड यांच्यात केस जाईना. "समोरासमोरचे कोन सारखेच असणार," तो म्हणाला, "एक पाहिला की दोन पाहिले." तोही आमच्यातलाच.

"मग कर्ण कमी का?"

"गुण्या जुना झाला असेल. तुझ्यासारखा."

"गुण्या तुझा आहे."

तो हसला. उठून त्याने दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. खिडक्यांचंही तसंच केलं. "घर कललं की पहिल्यांदा दार ओरडतं, हालवार. तुझं दार मुकं आहे." मग तो सिवच्या कोपऱ्यापर्यंत गेला, थोडा अलीकडेच उभा राहिला आणि हात चोळत परत आला. "गार लागतंय तिथे. ओंडक्यांच्या फटींत ठासलेलं शेवाळ गेलं असेल. भरून घे."

मी ते शेवाळ ऑगस्टमध्येच भरलं होतं.

कॉफी आणि तपकिरी चीज लावलेला पाव खाताना त्याने तोडगा काढला. पुढच्या शनिवारी तो जॅक आणणार. कर्णाच्या रेषेत एक जाड दांडा आडवा लावायचा, त्याला मध्ये जॅक बसवायचा आणि रोज थोडा थोडा पिळत जायचं. "कोपरा आपसूक मागे जातो. न जाऊन सांगतो कुणाला?"

"कोणता कोपरा?" ओसहिल्डने विचारलं.

आम्ही दोघांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. ती आपणहून बोलल्याला महिने झाले होते. स्टाइनारने हातातल्या पावानेच सिवच्या कोपऱ्याकडे दाखवलं. ओसहिल्डने कप खाली ठेवला आणि त्या कोपऱ्याकडे बघत मान हलवली, नको म्हणावं तशी. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

४

जॅक यायच्या आदल्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "तुझी मोजपट्टी दे."

माझी घडीची लाकडी मोजपट्टी तिने घेतली. चार घड्या उघडून तिने त्यांची चौकट केली आणि माझ्यासमोर धरली. वर्गात उभी असायची तशीच उभी होती. केस विंचरलेले नव्हते, एवढाच फरक.

"हा काय आहे?"

"चौरस."

तिने समोरासमोरचे दोन कोपरे बोटांनी दाबले. चौकट कलली. "आता?"

"समभुज चौकोन. ओसहिल्ड, मी सुतार आहे, मला..."

"हे दोन कोपरे जवळ आले. बाकीच्या दोघांचं काय झालं?"

"लांब गेले."

"जाणारच. दुसरा मार्गच नाही त्यांना. मग तू दुसरा कर्ण मोजलास?"

कपाट जड आहे हे उत्तर मलाच लंगडं वाटलं.

"ये," ती म्हणाली. "मी धरते एका बाजूने."

आम्ही दोघांनी कपाट ओढलं. मार्चनंतर आम्ही मिळून केलेलं हे पहिलं काम. ती दमली, पण थांबली नाही. हेगेचा पलंगही जरा पुढे घेतला. मी काठी उघडत नेली. या टोकाला टक्‌, त्या टोकाला टक्‌. पट्टी बरोबर खाचेवर होती. केसभरही जास्त नाही.

मी मान खाली घालून त्या खाचेकडे बघत राहिलो. एक कर्ण कमी झालाय आणि दुसरा तेवढाच आहे, अशी चौकट जगात नसते. चार सारख्या भिंतींनी ती बांधताच येत नाही.

"म्हणजे खोली कललेली नाही," ओसहिल्ड हळूच म्हणाली.

"मग काठी कशाला अडते?"

ती जाऊन आपल्या खुर्चीत बसली आणि काठीचं एक टोक तिने खुर्चीमागच्या कोपऱ्यात धरून ठेवलं. दुपारचे दोन वाजले असतील, खोलीत चांगला उजेड होता. तरी मी वरचा दिवा लावला. मग काठी सिवच्या कोपऱ्याकडे सरकवत नेली, आणि पहिल्यांदाच हातातल्या खाचेऐवजी टोकाकडे पाहिलं.

ते लाकडाला लागलंच नव्हतं. भिंतीपासून वीतभर अलीकडे, हवेत थांबलं होतं. पुढे काही नव्हतं, नुसता उजेड आणि त्यामागे ओंडके.

मी काठी डोक्याच्या वर धरून तशीच नेली. टक्‌. खाचेवर. छातीच्या उंचीवर नेली. टक्‌. तिथून खाली आणत गेलो, एकेक बोट. बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत आलो आणि काठी थांबली. ती उंची मला मोजायची गरज नव्हती. सिवचं डोकं त्याच जागी माझ्या पोटावर टेकायचं.

पुन्हा मांडीच्या उंचीवर नेली. का ते विचारू नका, माणूस दुखऱ्या दातावर जीभ नेतो तसंच ते. टोक टेकलं आणि मी किंचित रेटलं. समोरचं काहीतरी तेवढंच मागे गेलं, आणि मग परत पुढे आलं. मी स्तब्ध उभा होतो. काठी माझ्या हातात मागेपुढे होत होती, अगदी हलकी, श्वास चालू असलेल्या छातीवर टेकवल्यासारखी.

मी काठी मागे घेतली. माझ्या तोंडून शब्द गेले ते मी ठरवून बोललो नाही.

"लागलं का गं?"

"हळू लावत जा," ओसहिल्ड म्हणाली. ती रडत होती. "मागच्या शनिवारी जोरात लावलीस."

५

मी स्टाइनारला फोन करून जॅक आणू नकोस म्हटलं. घर गुण्यात आहे, माझाच डोळा चुकला, असं सांगितलं. तो वर्षभर चिडवत राहील एवढा माल मी त्याला दिला होता, पण तो फक्त म्हणाला, "बरं. पण तो कोपरा भरून घे."

यापुढचे काही आठवडे मी आयुष्यात सर्वात सुखी होतो, आणि हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. शनिवारची वाट बघायची. सिवचा एक लोकरी मोजा मी काठीच्या टोकावर चढवला होता, टोचू नये म्हणून. ओसहिल्ड खुर्चीत बसून एक टोक धरायची, मी काठी हळूहळू सरकवायचो आणि काठी दर वेळी लवकर थांबायची. वीत. हात. दोन हात. सिव भिंतीपासून निघाली होती आणि सरळ रेषेत आपल्या आईकडे येत होती.

ओसहिल्ड जेवायला लागली. एकदा तिने वॉफल केले. "घाई नाही तिला," ती म्हणायची, "ती नेहमीच रमतगमत यायची. शाळेतून येताना कुत्र्याशी बोलत उभी नाही का राहायची?" आणि आम्ही हसायचो. रात्री मला जाग यायची तेव्हा बुद्धी सगळं व्यवस्थित समजावून सांगायची. हवा दमट आहे, लाकूड फुगतं, दोन दुःखी माणसं एकमेकांना हवं ते दाखवतात. मी तिचं सगळं ऐकून घ्यायचो आणि शनिवारी पुन्हा मोजा चढवायचो.

काठी पूर्ण मिटली की काय होईल, हे मी एकदाच विचारलं.

"मग ती माझ्या मांडीवर येईल."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय?" ओसहिल्ड म्हणाली, आणि मला वाटलं की तिने खरंच पुढचा विचार केलेला नाही. मीही केला नव्हता.

हेगे पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि आमच्याकडे बघायची. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. घर मोजतोय, एवढंच.

"मी धरू एक टोक?"

"तू अभ्यास कर."

"झालाय."

"मग परत कर," मी म्हणालो. काठी नेमकी सरकत होती तेव्हा.

६

नोव्हेंबर संपताना काठी बरोबर अर्ध्यावर थांबली.

मी जागच्या जागी खूण केली आणि मध्ये उभा राहून बघत होतो, तोच ओसहिल्डच्या तोंडून शाळेतलं वाक्य आलं. सवयीने आलं असावं, फळ्याकडे पाठ करून म्हणायची ते. "कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे ती मधोमध आहे. दुसऱ्या कर्णावरही आहे."

कपाट आम्ही परत जागेवर सरकवलंच नव्हतं. मी काठी त्या कोपऱ्यातून हेगेच्या पलंगाकडे नेली. मोज्याचं टोक मऊपणे अडलं, अर्ध्यावर. त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला होता की उडाला होता, मला सांगता येणार नाही. इतके आठवडे हा कर्ण शाबूत होता आणि त्याच्यावर मी निश्चिंत होतो.

ओसहिल्डच्या चेहऱ्यावर मात्र सणाच्या दिवशीचा आनंद होता. "अर्धं आलं," ती म्हणाली. "आता उरलेलं अर्धं."

मला वर्गातली दुसरी गोष्ट आठवत होती, ती मी बोललो नाही. जिथे कर्ण छेदतात तिथून चौरसाचे चारही कोपरे सारख्याच अंतरावर असतात. तिथे उभं राहिलेलं मूल कुणाकडेही वळू शकतं.

त्या आठवड्यात हेगे पलंगावर भिंतीला अगदी चिकटून झोपू लागली. मी पांघरूण नीट करायला गेलो तर अर्धा पलंग रिकामा. मला वाटलं, पोरं झोपतात कशीही.

७

डिसेंबरातला पहिला शनिवार. ऊन इतकं खाली आलं होतं की दुपारीच संध्याकाळ वाटत होती. ओसहिल्डने अंगावर निळा स्वेटर घातला होता, केस विंचरले होते. खुर्चीत बसून तिने टोक धरलं आणि मांडीवरची घडी हाताने सारखी केली.

मी काठी हळूहळू उघडत गेलो. अर्धं. अर्ध्याच्या पुढे. मी थांबलो, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सरकवली. काठी जातच राहिली, पार सिवच्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंत. मोजा लाकडाला भिडला. पट्टी खाचेवर होती.

"परत मोज," ओसहिल्ड म्हणाली.

मी मोजा काढून मोजलं. टक्‌.

"परत."

टक्‌. तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय. इतका वाईट कधीच लागला नव्हता.

"आली नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे आलीच नाही." तिचे हात मांडीवर तसेच पसरलेले होते.

मी दुसऱ्या कर्णाकडे वळलो. कपाटाच्या कोपऱ्यातून काठी निघाली, मध्य ओलांडला, पुढे गेली. हेगेच्या पलंगाच्या जरा अलीकडे थांबली. मोजा न लावलेलं टोक होतं, तरी आवाज नाही.

हेगे पलंगावर बसली होती. भिंतीला पाठ, गुडघे पोटाशी, आणि आपल्या पुढे एका लहान माणसाला बसता येईल एवढी जागा सोडलेली. काठीचं टोक आपल्या दिशेला आलेलं पाहून ती चिडली नाही, घाबरली नाही. थोडी अपराधी दिसली, एवढंच.

"मी बोलावलं तिला," ती म्हणाली. "रात्री. हळू आवाजात."

"का गं?" मी विचारलं.

"तुम्ही दोघं तिच्याशीच बोलता. मग मी कुणाशी बोलू?"

मी तिचा हात धरला आणि माझी बोटं आखडली. इतका गार हात मी एकदाच धरला होता, मार्चमध्ये.

तेवढ्यात ढगातून ऊन बाहेर आलं. आमची खिडकी चौरस आहे, पण हिवाळ्यातलं ऊन तिरकं येतं. जमिनीवर त्याचा कललेला चौकोन पडला, कपाटापासून थेट पलंगाच्या पायांपर्यंत लांबट. त्या उजेडात माझी सावली होती, काठीची सावली होती. आणि काठीच्या टोकाशी तिसरी एक होती, आखूड, एका पायावर भार टाकून उभी राहिलेली. तिने एक हात पलंगाकडे पुढे केलेला होता. मी डोळे वर उचलले तर तिथे फक्त हवेतली धूळ.

ओसहिल्डनेही पाहिलं. मला माहीत आहे, कारण ती उठली. मार्चपासून ती त्या खुर्चीतून अशी उठली नव्हती. चार पावलांत ती खोलीपार आली, त्या सावलीला वळसा घालून आली, आणि तिने दहा वर्षांच्या हेगेला तान्ह्या मुलासारखं उचलून घेतलं. हेगेचे लांब पाय खाली लोंबत होते.

"हालवार, गाडी काढ."

"कुठे जायचं?"

"टोरुनकडे. आत्ता."

मी काठी खाली ठेवली. कोट, बूट, किल्ल्या. हेगे तिच्या खांद्यावर डोकं ठेवून होती आणि ओसहिल्ड तिचे हात एकसारखे आपल्या तोंडाच्या वाफेने गरम करत होती. "माझ्याकडे बघ," ती म्हणत होती, "बघ माझ्याकडे. मी तुलाच बघतेय." पोरगी बघत होती. मी दार धरून उभा राहिलो. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती.

ओसहिल्ड उंबऱ्यात थांबली. हेगेला तिने बाहेर माझ्या हातात दिलं आणि ती एकटी खोलीकडे वळली. तिचा चेहरा मला दिसला नाही. आवाज मात्र नेहमीचा होता, दुकानात जाताना पोरांना सांगायची तो.

"तू इथेच थांब हं, सिव. कुठे जायचं नाही. आई येते हं."

आणि तिने दार ओढून घेतलं.

हेगेला तीन आठवडे ताप होता. मग उतरला. आता तिला स्वतःची दोन मुलं आहेत आणि ती आम्हा दोघांना फोनवर रागावते. आम्ही हामारलाच राहिलो. ओसहिल्डने इथल्या शाळेत पुन्हा शिकवायला सुरुवात केली. फक्त समभुज चौकोनाचा धडा आला की ती दुसऱ्या शिक्षिकेला सांगते. आमच्या जुन्या घरी स्टाइनार अधूनमधून बर्फ काढायला जातो आणि म्हणतो, घर अजून ओळंब्यात आहे, चांगली किंमत येईल, शहरातले लोक अशा घरांवर जीव टाकतात. टोरुनही विचारते, विकत का नाही?

मी चिकणमातीचं कारण सांगतो. खरं कारण फक्त आम्हा दोघांत आहे, आणि आम्हीही ते एकमेकांशी बोलत नाही. सिव गुणी पोरगी होती. थांब म्हटलं की थांबायची.